पायभार

बोरपेठच्या उतार-प्रयोगशाळेत भिंतीवर परातीएवढी एक तबकडी होती आणि तिच्यावर एकच काटा होता. घाट चढणाऱ्या सायकलस्वाराच्या पायांवर किती ओझं पडतं, ते हा काटा दाखवी. त्याला पायभार म्हणत. घाटाची योजना नवी होती तेव्हा काटा तबकडीच्या मध्यावर असे. पुढं तो वर्षावर्षाला खाली सरकत गेला. त्या श्रावणात, एका धुकट सकाळी, तो शून्याच्या रेघेवर येऊन टेकला.

डॉ. शमीम परकारांनी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

“असं होणं शक्य नाही,” त्या म्हणाल्या.

“झालंय की,” धाकलूआबा म्हणाले. “डोळ्यानं दिसतंय न्हवं?”

“दिसतंय म्हणूनच काळजी वाटते.”

“तुमचं बाई हे असंच. वाईट झालं तर काळजी, आणि चांगलं झालं तर जास्तच काळजी.”

धाकलू ढेबे हे वरच्या कारवीमाळाचे. बोरपेठेत काय किंवा माळावर काय, सगळे त्यांना आबाच म्हणत. घाटावर धावणारी प्रत्येक सायकल त्यांच्या हातून गेलेली होती. काटा शून्यावर आला हे ऐकून ते लगेच उतरून आले होते. अंगावर धुतलेला सदरा होता, आणि वाटेत कारवीच्या झुडपाला आलेली पहिली जांभळी फुलं त्यांनी हँडलला खोवली होती. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. हे ते वर्ष होतं.

“माझ्या राहीला फोन केला,” ते म्हणाले. “तिनं शब्द दिलाय. आता ती येणार. राहायला येणार.”

शमीमबाईंना तो शब्द ठाऊक होता. बोरपेठेत तो सगळ्यांनाच ठाऊक होता. राही ही आबांची एकुलती लेक. शाळेसाठी तिनं तो चढ रोज पायी चढला होता, दप्तर पाठीला आणि दुधाची रिकामी बरणी हातात. पुण्याला जाताना ती म्हणाली होती, “आबा, ज्या दिवशी पाय न हलवता या घाटानं वर येता येईल, त्या दिवशी मी माळावर राहायला येईन. तोवर माझं नाव काढू नका.” ती हसत म्हणाली होती. आबांनी ते हसण्यावारी नेलं नव्हतं.

घाटाच्या रस्त्याखाली तांब्याची जाड तार पुरलेली होती. ती उतारतार. ही शमीमबाईंची कल्पना. घाट सगळा राखीव रानातून जातो. तिथं विजेचे खांब रोवायला आणि तेलावरच्या गाड्या न्यायला पहिल्यापासून मनाई होती. पुढं कुणाच्या तरी मोठ्या बॅटरीनं पेट घेऊन एक अख्खी डोंगरसोंड जळाली, तेव्हापासून मोठ्या बॅटऱ्यांनाही घाट बंद झाला. माळावरची माणसं पुन्हा पायी चालू लागली. तेव्हा शमीमबाई माळावर गेल्या होत्या आणि देवळाच्या पारावर जमलेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, “उतारावर ब्रेक दाबता तेव्हा तुमचा जोर कुठं जातो?”

मग त्यांनीच सांगितलं.

“रबराच्या गुटक्यात जातो. तिथं तापतो आणि वाया जातो. तो जाळू नका, मला द्या. जो उतरतोय त्याचा जोर मी तारेतून नेईन आणि जो चढतोय त्याला देईन.”

त्यासाठी सायकली हव्या होत्या, आणि तसल्या सायकली बाजारात मिळत नव्हत्या. मग आबांनी घरच्या घरी त्या बनवायला सुरुवात केली. लोकांच्या अडगळीतल्या जुन्या काळ्या डबल बार सायकली ते घेत. मागचं चाक उघडून त्याच्या तुंब्याच्या, म्हणजे आरे जिथं जुळतात त्या मधल्या नळीच्या, जागी लोहचुंबक आणि हातानं गुंडाळलेली तांब्याची वेटोळी बसवत. ह्या चाकाला ते परतचाक म्हणत, कारण ते चढावर जोर घेई आणि उतारावर परत करी. त्याच्या पोटात फ्रीव्हील ठेवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. फ्रीव्हील असलं की उतारावर चाक नुसतं मोकळं फिरतं आणि आतल्या वेटोळ्यांना काही कळतच नाही. पॅडलखाली तांब्याच्या तारेची एक चपटी चकती असे. ती झेलचकती. रस्त्यातली उतारतार आणि ही चकती यांच्यात वीतभर हवा असे, आणि त्या हवेतून जोर जा-ये करी. चकतीला चिखल लागला की जोर कमी मिळे. म्हणून वरच्या माणसांना सायकलीवरून उतरल्या उतरल्या खाली वाकून चकती पुसायची सवय लागली होती. परगावी गेले तरी कुणाच्याही सायकलीखाली त्यांचा हात जाई.

पावसाळ्यानंतर चुंबकांना गंज धरे. तारा जिथून आत जातात त्या भोकांना आबा रानातल्या पोळ्याचं मेण लावत. आरे ढिले झाले की चाक गाऊ लागतं. ते ऐकून कुठला आरा आवळायचा हे ते सांगत.

उतरणारे सकाळी आणि चढणारे संध्याकाळी, म्हणून मधल्या वेळी जोर साठवायला प्रयोगशाळेच्या मागं खड्ड्यात एक अवजड लोखंडी चाक बसवलेलं होतं. ते साठवणचाक. हवा काढलेल्या पेटीत ते फिरत राही आणि चार-आठ दिवस जोर धरून ठेवी. जवळून जाताना त्याचा बारीक गुंजारव ऐकू येई. जे काही कमी पडेल ते चढणाऱ्यानं पॅडल मारून भरायचं. तेच पायभार.

आणि आता पायभार शून्य झाला होता.

गेल्या काही महिन्यांत घाट चढणं हे चढणं राहिलंच नव्हतं. पॅडलवर पाय नुसते ठेवायचे. सायकल आपली आपण निघे. धुक्यात झाडं बाजूनं सरकत, कधी दरी दिसे, कधी नुसताच पांढरा उजेड दिसे, आणि चाकाचा आवाज इतका मऊ असे की आपण रस्त्यावर आहोत की त्याच्या बोटभर वर आहोत हे समजू नये. माळावरची कोंडाआत्या एकदा वर पोचून म्हणाली होती, “मेल्यावर माणूस असंच जात असंल, आबा. कुणीतरी उचलून नेल्यासारखं. फकस्त खाली वाकून चकती पुसावी लागत नसंल.”

“आबा, इकडं या,” शमीमबाई म्हणाल्या.

खिडकीपाशी लाकडाची एक उतरती फळी होती. तिच्यावर खेळण्यातल्यासारख्या दोन छोट्या सायकली होत्या, आणि फळीत बारीक तार पुरलेली होती. दोन्ही सायकलींवर सारख्या वजनाची शिशाची माणसं होती.

“घाट छोटा करून ठेवलाय. एक वरून सोडते. दुसरी खाली आहे. बघा.”

वरची सायकल सुटली. तशी खालची हलली, चढू लागली. वरची तळाला पोचली तेव्हा खालची फळीच्या तीनातल्या दोन हिश्श्यांवर जाऊन थांबली. वरचा एक हिस्सा राहिला.

“तेल घातलंय का आसात?” आबांनी विचारलं.

“तुम्हीच घाला.”

आबांनी खिशातली तेलाची कुपी काढली. आसात थेंब सोडला, चाक बोटानं फिरवलं, कानाशी नेलं, एक आरा दाबून पाहिला. पुन्हा सायकल सोडली. खालची थोडी अधिक चढली, दोन बोटं. त्यांनी झेलचकती पुसली. आणखी अर्धं बोट. मग त्यांनी बरंच काही केलं आणि सायकल काही पुढं सरकली नाही.

“वरपर्यंत जाणार नाही ती,” शमीमबाई म्हणाल्या. “तुमच्या हाताला नावं ठेवत नाहीये मी. दुसऱ्या कुणाची सायकल अर्ध्यातच थांबली असती. पण जोर तारेत थोडा जातो, हवेत थोडा जातो, चाकात थोडा जातो. एकानं उतरून दुसऱ्याला पुरतं वर नेलं, असं सृष्टीत होत नाही. उरलेलं कुणीतरी पायानं भरलंच पाहिजे.”

“मग घाटात कसं झालं?”

शमीमबाईंनी टेबलावरच्या डब्यातून एक जाडसर नट उचलला आणि वरच्या शिशाच्या माणसाच्या मागं, कॅरिअरवर ठेवला. सायकल सोडली. या वेळी खालची सायकल चढली, चढतच गेली आणि फळीच्या माथ्यावर जाऊन टेकली.

“असं झालं,” त्या म्हणाल्या. “उतरणारा जड आणि चढणारा हलका. आता मला सांगा, घाटात हा नट कोण ठेवतंय?”

आबा फळीकडं बघत राहिले.

“दूध,” ते म्हणाले. “भरल्या बरण्या खाली येत्यात, रिकाम्या वर जात्यात.”

“त्याच सायकलीवर पेंडीची पोती वर जातात. तो हिशेब जवळजवळ फिटतो. शिवाय दूध पूर्वीही येत होतं, तेव्हा काटा मध्यावरच होता.”

“पावसाचं पाणी अंगावर घिऊन येत असत्याल लोकं.”

“आबा.”

आबांच्या डोळ्यांसमोर घाट आला. शेळक्यांचं कुटुंब उतरलं ते. पुढच्या सायकलीवर पत्र्याची पेटी, मागच्या सायकलीवर जातं, त्यामागं शिलाई मशीन. मग आखाड्यांचे दोन भाऊ, कपाट सुटं करून. मग कोकऱ्यांची सून, पोर पुढं आणि देव्हारा मागं. त्यांच्या कॅरिअरला जादा पट्ट्या आबांनीच मारून दिल्या होत्या. खाली गेले ते सणाला येत, पण राहायला कुणी आलं नाही. सामान तर नाहीच आलं.

“जे उतरले आणि पुन्हा चढले नाहीत, ते,” शमीमबाई हळू आवाजात म्हणाल्या. “आपण म्हणत होतो सायकली सुधारल्या. मीही तेच समजले. काटा खाली येतोय हे बघून मलाही बरं वाटायचं, म्हणून मी कधी फळी बाहेर काढलीच नाही. हा काटा सायकल मोजत नव्हता, आबा. माळ किती रिकामा झाला, ते मोजत होता. वर जाणाऱ्याला जे उचलून नेतंय, ते गेलेल्या माणसांचं वजन आहे.”

आबांनी नट उचलला आणि तळहातावर धरला.

“राही गेली त्या आठवड्यात काटा पयल्यांदा हलला,” ते म्हणाले. “पुस्तकांची ट्रंक व्हती तिच्यामागं. मी त्याच आठवड्यात सगळ्या चाकांना नवं ग्रीस भरलं व्हतं. मला वाटलं, ग्रीसनं झालं.” त्यांनी नट डब्यात परत ठेवला. “मी पेढं वाटलं, बाई.”

त्या दिवशीचा पेढा शमीमबाईंनीही खाल्ला होता.

“मग राही परत आली तर?”

“आली आणि राहिली, तर तेवढा नट कमी झाला. पायभार थोडा चढेल.”

“आणि समदीच आली तर?”

“तर समद्यांना पुन्हा पॅडल मारावं लागेल.”

आबा हसले. हसू अर्धवटच आलं. “म्हंजी हे असं. माझ्या लेकीला घाट सोपा पाहिजे. घाट सोपा कधी, तर लोकं जातील तेव्हा. आणि लोकं परत आली की घाट अवघड.”

“अजून एक आहे,” शमीमबाई म्हणाल्या. “काटा शून्यावर आहे, पण तिथं टिकणार नाही. वर आता उतरायला उरलंय कोण?”

राहीला हे सांगायचं की नाही, यावर आबांचं बरेच दिवस काही ठरेना. सांगितलं तर ती येणार नाही, ही एकच भीती. फोनवर ती विचारी, “आबा, काटा आहे ना शून्यावर?” आणि ते म्हणत, “तू ये तर.” तिचं काम सुटत नव्हतं. ऐकू न येणाऱ्या माणसांच्या कानाच्या मापाचे साचे ती बनवी. ते कुठंही बसून करता येतात, माप मात्र तिथं जाऊन घ्यावं लागतं. हे माप झालं की, ते माप झालं की, असं करता करता कारवीचा बहर डोंगरभर पसरला. सगळा माळ जांभळा झाला. मधमाश्यांचा आवाज इतका की खालच्या साठवणचाकाचा गुंजारव वर आल्यासारखा वाटे.

खालचा गुंजारव मात्र विरत चालला होता. माळावर म्हातारी माणसं तेवढी उरली होती आणि ती कशाला उतरतील? दूध नेणारा आखाड्यांचा शेवटचा भाऊ गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या जोरावर काटा आठवडाभर शून्यावर राहिला. त्यानंतर साठवणचाक मंदावत गेलं. एके दिवशी शमीमबाई खड्ड्यापाशी गेल्या तर चाक थांबलेलं होतं. इतक्या वर्षांत ते थांबलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

राही आली ती त्यानंतरच. सकाळ कलली होती, घाटात धुकं होतं. तिच्यासाठी आबांनी बनवलेली सायकल प्रयोगशाळेच्या ओसरीत झाकून ठेवलेली होती. तिनं कापड काढलं, खाली वाकून चकती पुसली, मागं बॅग बांधली, सायकल ढकलत पहिल्या वळणाशी नेली आणि पॅडलवर पाय ठेवले. मग आबांना फोन लावला.

“आबा, तुमची सायकल मेलीय.”

“मेली न्हाई. तू कुठं हायस?”

“पहिल्या वळणावर. पाय ठेवून बसलेय, शहाण्यासारखी. ढिम्म हलत नाही. पायभार शून्य म्हणे! आबा, मी लहान होते तेव्हा तरी खरं बोलायचात.”

ती हसत होती, पण हसण्याच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं. आबांना ते ऐकू आलं. आता ती मागं फिरेल, असं त्यांना वाटलं.

“पॅडल मारू नगंस,” ते म्हणाले. “तिथंच थांब. मी सायकल चालू करतो.”

त्यांनी कोंडाआत्याला हाक मारली. स्वयंपाकघरात पाटा होता, काळ्या दगडाचा, राहीच्या आजीच्या वेळेपासून त्याच जागी बसलेला. दोघांनी तो उचलला तेव्हा जमिनीवर त्याचा चौकोन उमटलेला दिसला. चौकोनातली माती फिकट होती.

“आवं, लेक घरी येतीया आणि तुम्ही पाटा घिऊन पळताय? वाटण कशावर वाटायचं, माझ्या डोक्यावर?”

“नट पाहिजे,” आबा म्हणाले.

“कशाचा?”

“सांगतो मागनं. दोरी आवळ.”

पाटा कॅरिअरवर बसला तशी सायकल चरकली. आबांनी आरे चाचपले आणि सायकल उताराला लावली. परतचाकानं वजन धरलं. ब्रेकला हात न लावता ते संथपणे उतरू लागले. त्यांना माहीत होतं, आत्ता या क्षणी खाली पहिल्या वळणावर एक सायकल आपली आपण निघाली असेल.

धुकं दाट होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारवीची फुलं धुक्यात ओली होऊन लोंबत होती आणि त्यांचा जांभळा रंग हवेत उतरला होता. आबांना वाटलं, आपण पडतही नाही आणि चालतही नाही. आपलं वजन आपल्या हाडांतून निघून, चाकातून, तारेतून खाली चाललंय आणि तिकडं दुसऱ्या कुणाच्या पायाखाली जाऊन उभं राहतंय. देवळाच्या खालचं वळण गेलं. झऱ्याचं वळण आलं. आणि झऱ्याच्या वळणावर धुक्यातून ती वर आली.

पाय पॅडलवर स्थिर. केस वाऱ्यानं मागं. तोंडावर लहानपणी जत्रेत पाळण्यात बसल्यावर असायचं तसं हसू.

“आबा!” ती ओरडली. “चालली! आबा, खरंच पाय हलत नाहीत!”

“हलवू नगंस!”

“तुम्ही कुठं चाललात? थांबा ना!”

“थांबलो तर तू थांबशील!”

ते एकमेकांच्या इतक्या जवळून गेले की तिच्या ओढणीचं टोक त्यांच्या हाताला लागलं. तिचं हसू विरताना त्यांना दिसलं. तिची नजर त्यांच्या मागच्या पाट्यावर गेली होती. मग धुकं मध्ये आलं.

तळाला शमीमबाई ओसरीत उभ्या होत्या.

“वर पोचली,” त्या म्हणाल्या. “पायभार शून्य. तिची अट पुरी झाली.”

“व्हय.” आबांनी सायकल वळवली. “आता मी जातो.”

“कसे? चाक थांबलंय. वरून कुणी उतरणार नाही.”

“पायानं.”

“निदान हा पाटा तरी इथं ठेवा. मागाहून नेता येईल.”

आबांनी मान हलवली. “इथं ठिवला की त्यो नट झाला, बाई. असंच एकेक खाली ऱ्हायलं.”

त्यांनी पॅडल मारलं. कित्येक वर्षांत त्यांच्या पायांनी खरं पॅडल मारलं नव्हतं. पहिल्या वळणाला मांड्या भरून आल्या. दुसऱ्या वळणाला श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. पाट्यानं मागून ओढ घेतली होती. ते उतरून ढकलू लागले, पुन्हा बसले, पुन्हा मारू लागले. लेक वर गेली, आपण खाली आलो. घाटानं आपला हिशेब चोख ठेवला. दोघांनी वर असायचं तर त्याची किंमत कुणीतरी पायानं द्यायला हवी. ती देत असताना त्यांना वाईट वाटत नव्हतं. जडपणा पायाला लागत होता आणि तो खरा होता. वर जाणारं माणूस असंच जड असतं.

झऱ्याच्या वळणाच्या अलीकडं पॅडल हलकं झालं.

आधी त्यांना भास वाटला. मग सायकलीनं हळूच पुढं ओढ घेतली. पाय मोकळे होऊ लागले. पाटा असूनही सायकल चढत होती. ज्या हलकेपणासाठी त्यांनी आयुष्यभर चाकं गुंडाळली, तो पायाखाली आला आणि आबांनी मान वर करून धुक्यात पाहिलं. त्याचा अर्थ एकच होता. कुणीतरी उतरत होतं. माळावर सायकलीवर बसून उतरेल असं आता एकच माणूस होतं.

तिनं बंद घरं पाहिली असतील. कोंडाआत्यानं काहीबाही सांगितलं असेल. ती परत चालली.

आबांनी ब्रेक दाबायला हात नेला. आपण थांबलो म्हणून ती थांबणार नव्हती, तिला उताराला कुणाची गरज नव्हती. त्यांनी हात काढून घेतला. सायकल त्यांना उचलून नेत राहिली. फुलं बाजूनं सरकत होती. त्यांना ती दिसत नव्हती.

झऱ्याच्या वळणावर घंटी वाजली. धुक्यातून राहीची सायकल आली. आबांची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली नाही. ती थेट मागच्या कॅरिअरवर गेली.

कॅरिअर रिकामं होतं. बॅग नव्हती.

राहीनं त्यांच्याशेजारी येऊन ब्रेक दाबला. ती थांबली तशी आबांची सायकलही जागच्या जागी मेली. त्यांनी पाय टेकले.

“कोंडाआत्या म्हणाली, म्हातारा पाटा घेऊन खाली गेलाय आणि नट-नट करतोय,” ती म्हणाली. “माझी बॅग ठेवायला गेले तर पाट्याच्या जागी मातीचा चौकोन. मग शमीमबाईंना फोन केला. त्यांनी सगळं सांगितलं.” तिनं डोळ्यांवरचे केस मागं सारले. “पेढ्यांचंसुद्धा.”

आबांनी हँडलवरचं धुक्याचं पाणी पुसलं.

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू आली नसतीस.”

“नसते आले,” ती म्हणाली. मग झऱ्याकडं बघत राहिली. “कदाचित नसते आले. पण आता इथवर तुम्हाला ओढायला उतरलेय. इथून वर कोण ओढणार आपल्याला?”

“कुणी न्हाई.”

“तेच म्हणाल्या त्या.” तिनं सायकल वळवून तोंड वर केलं, आणि सायकलीवरून उतरून सवयीनं खाली हात घालून चकती पुसली. पुसताना तिला स्वतःचंच हसू आलं. “आता ही कशाला पुसायची? सवय गेली नाही बघा. द्या तो पाटा इकडं.”

“जड हाय.”

“द्या. तुमच्या छातीची शिट्टी वरपर्यंत ऐकू येत होती. मला वाटलं, कुकर लागलाय.”

दोघांनी पाटा उचलून तिच्या कॅरिअरवर ठेवला. आबांनी दोरी आवळली, आरे चाचपले. मग दोन्ही सायकली शेजारी शेजारी चढाला लागल्या. धुक्यात कारवीचा जांभळा उजेड होता. रस्त्याखाली तांब्याची तार होती आणि तिच्यात काहीही नव्हतं. राही पॅडलवर उभी राहून जोर करत होती. एक वळण गेलं. तिचा चेहरा लाल झाला, आणि पुण्याची भाषा तिच्या तोंडातून गळून पडली.

“आबा, लई जड जातंय हो.”

“जाणारच,” आबा म्हणाले. “आज कुणी खाली चाललं न्हाई.”